खाजेवरील मलम : तारक आणि मारक

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोजनोत्तर भाषण ही वक्त्याची आणि श्रोत्यांची, दोघांचीही परीक्षाच असते. त्यात विषय जर मलमाचा असेल, तर परीक्षा अधिकच कठीण! चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. जन्मभर चौथीच्या वर्गात काळ-काम-वेगाची गणिते शिकविणाऱ्या मास्तराने 'संस्कार' किंवा 'शिस्त' यांवर बोलावे. खाज आणि मलम हा त्याचा विषय कसा, असे त्यांच्या मनात आले असावे. ते योग्यच होते. आम्ही डॉक्टर नाही की वैद्य नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा हीच आमच्या विद्येची सीमा. परंतु गेल्या काही वर्षांत या एका विषयात आम्ही तीनदा नापास झालो आहो, आणि नापास झालेल्या विद्यार्थ्याला कठीण जागा कोणत्या हे पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. एवढ्याच अधिकाराने आम्ही आपल्यापुढे उभे आहो.

पहिली चूक आमच्या स्वतःच्या देहावरची. सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या कमरेला, करगोट्याच्या खाली, खाज सुटू लागली. वाटोळे लालसर चट्टे उठले. अशा जागेची खाज चारचौघांत सांगावयाची चोरी. गिऱ्हाइके गेल्याचे पाहून आम्ही औषधाच्या दुकानात शिरलो आणि हलक्या आवाजात आपली तक्रार सांगितली. दुकानदाराने काही न विचारता एक नळी पुढे केली. दोन दिवसांत खाज नाहीशी झाली! आम्ही त्या नळीचे गुणगान आमच्या फिरावयास येणाऱ्या मंडळीतही केले. पण लावणे थांबविले की आठवड्यात चट्टा पुन्हा हजर. पुन्हा नळी, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा. असे आठ महिने चालले. चट्टे कमरेवरून पाठीवर आणि मांडीवर पसरले, जांघेतील कातडी पातळ होऊन तिच्यावर जांभळट भेगांसारख्या रेघा उमटल्या, आणि अखेर तीच व्याधी आमच्या सौभाग्यवतींनाही जडली. तेव्हा कोठे लाज बाजूला ठेवून आम्ही जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

योगायोग असा की, त्या डॉक्टरीणबाई आमच्याच शाळेच्या विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी नळी पाहिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे गजकर्ण आहे. म्हणजे बुरशी. आणि तुम्ही लावत होता ते मुख्यतः स्टिरॉइड. खाज आणि लाली म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्याची आरोळी. तुम्ही पहारेकऱ्याचं तोंड बांधलंत आणि चोराला घर मोकळं करून दिलंत." त्या नळीत बुरशीनाशक औषधही थोडे होते, परंतु त्याच्या शेजारी जोरदार स्टिरॉइड व आणखी एक जंतुनाशक असा तिघांचा मेळ होता. अशा मिश्रणांचा आपल्या देशात फार सुळसुळाट झाला आहे. पुढे कित्येक आठवडे गोळ्या घेतल्या, साधे बुरशीनाशक मलम लावले, करगोटा काढून टाकला, पंचे वेगळे केले, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळविले, आणि घरातील दोघांनीही एकाच वेळी उपचार घेतला. गजकर्ण गेले. रेघा मात्र राहिल्या आहेत, आणि त्या आता जन्माच्या सोबती आहेत असे बाईंनी स्पष्टच सांगितले.

दुसरी चूक आमच्या घरातल्या एका मुलीच्या चेहऱ्यावरची. ती आमची पुतणी. तिच्याच अनुमतीने हे सांगत आहो. किंबहुना 'काका, नाव सोडून सगळं सांगा,' असा तिचा आग्रह आहे. वर्ण सावळा, नाकीडोळी नीटस, शिक्षण उत्तम. लग्नाच्या खटपटी सुरू झाल्या आणि कोणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने चेहरा उजळविणारे एक मलम आणले. पंधरा दिवसांत रंग फिकट झाल्यासारखा वाटला. घरात आनंदीआनंद झाला, आणि आम्हीही 'तेज आले हो चेहऱ्यावर' असे म्हणालो. चार-पाच महिन्यांनी गालांवर मुरमे उठली, बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. घाबरून तिने मलम एकदम बंद केले, तो चेहऱ्याचा असा दाह सुरू झाला की उन्हात जाता येईना आणि चुलीपुढे उभे राहता येईना. एक दिवस मलम लावले नाही की आग, लावले की तात्पुरती शांतता. दारूबाजाची जी गत, तीच त्या बिचाऱ्या त्वचेची झाली. सावरावयास वर्षाहून अधिक काळ लागला.

ही काही एकट्या आमच्याच घरातील कथा नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील बारा केंद्रांत चेहऱ्याच्या त्वचाविकारांचे २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरात सुमारे पंधरा, चेहऱ्याला स्टिरॉइडयुक्त मलम लावीत असल्याचे आढळले. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध सातत्याने आवाज उठविला. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे 'शेड्यूल एच' या यादीत घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, पण चिठ्ठीवाचून मागणारे आपण आणि देणारे दुकानदार यांनी तो पाळला तर त्याचा उपयोग.

आता तिसरी चूक. हिचे दुःख आम्हाला सर्वांत अधिक आहे, कारण ती आम्ही शहाणे झाल्यावर केली.

आमचा धाकटा नातू तेव्हा दोन वर्षांचा. त्याला कोपरांच्या खळीत, गुडघ्यांच्या मागे आणि गालांवर कोरडे, लाल, खाजरे इसब. सूनबाईंनी डॉक्टरांकडून औषध आणले. आम्ही चष्मा लावून वेष्टन वाचले, तो 'स्टिरॉइड' हाच शब्द! आम्ही एकदम कडाडलो, "हे विष या घरात नको," आणि नळी उकिरड्यावर फेकली. सूनबाई एवढेच म्हणाल्या, "अण्णा, डॉक्टरांनी दिलंय हो." आम्ही ऐकले नाही. घरातील वडीलधाऱ्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, ही आपली जुनी रीत! दोन महिने खोबरेल, कडुनिंबाचा पाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे उपाय चालले. ते बाळ रात्ररात्र झोपेना. हातांना मोजे बांधले, तर ते अंथरुणावर कोपर घासी. चादरीवर रक्ताचे ठिपके पडत. सूनबाई त्याला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत येरझारा घालीत, आणि आम्ही पलीकडच्या खोलीत ते ऐकत पडलेले असू. अखेर खाजविलेल्या जखमांत पू झाला, ताप भरला, आणि त्याच डॉक्टरीणबाईंपुढे आम्ही पुन्हा आरोपीसारखे उभे राहिलो.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच आम्हाला शिकवलंत की नुसतं उत्तर पाठ करू नये, आधी उदाहरण कोणतं आहे ते पाहावं. तुमच्या कमरेला हे औषध चूक होतं, ताईच्या चेहऱ्याला चूक होतं. या बाळाच्या कोपराला ते बरोबर आहे." त्यांनी आधी जखमांचा उपचार केला, मग सौम्य स्टिरॉइड मलम, आणि त्याबरोबर त्वचा मऊ राखणारे साधे मलम दिवसातून अनेकदा लावावयास सांगितले. तिसऱ्या रात्री ते बाळ सकाळपर्यंत झोपले. सूनबाईही झोपल्या. आम्हाला मात्र झोप लागली नाही.

बंधुभगिनींनो, या तीन अनुभवांनंतर आम्ही बाईंना विनंती केली की, आम्हाला हा धडा पहिल्यापासून शिकवा. त्यांनी शिकविला तो असा.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या शरीरात जे रस निर्माण करतात, त्यांपैकी एकाच्या जातीचे हे औषध. १९४८ साली अमेरिकेत डॉक्टर हेंच यांनी सांधे धरलेल्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो असे दाखविले. तोवर इसबाच्या रुग्णांपुढे डांबर व तत्सम लेपांखेरीज फारसे काही नव्हते. तेव्हा ज्या वस्तूने लक्षावधी जीवांची खाज शमविली, तिला विष म्हणणे हा कृतघ्नपणा आहे. आणि तिला खोबरेल तेल समजणे हा अविचार आहे.

या औषधांच्या चार पायऱ्या आहेत. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य. क्लोबेटासोन हे मध्यम. बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का आणि मोमेटासोन ०.१ टक्का ही जोरदार. क्लोबेटासॉल ०.०५ टक्का हे अतिजोरदार. येथे गणिताच्या मास्तराचीही फसगत होते! १ टक्का मोठा आणि ०.०५ टक्का लहान, म्हणून पहिले तेज आणि दुसरे मंद असे आपण समजतो. प्रकार नेमका उलटा आहे. टक्क्यांवरून जोर ठरत नाही, औषधाच्या जातीवरून ठरतो.

शिवाय शरीराची सर्व कातडी सारखी नसते. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन कोणत्या जागी किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागाची कातडी जेवढे शोषते, त्याच्या सुमारे सहापट कपाळ, तेरापट जबडा आणि बेचाळीसपट अंडकोशाची कातडी शोषते. तळपायाची मात्र त्याच्या सातव्या हिश्श्याएवढेच. आमच्या जांघेत रेघा का उमटल्या आणि पुतणीचा चेहरा का बिघडला, याचे उत्तर या आकड्यांत आहे. म्हणून जे मलम तळपायाच्या जाड इसबाला योग्य, तेच गालाला घातक. बाळाच्या लंगोटाखाली, घट्ट पट्टीखाली किंवा प्लास्टिकखाली तर शोषण आणखी वाढते, आणि बाळाचे शरीर लहान असल्याने औषध रक्तात जाऊन त्या अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावण्याचाही धोका असतो.

आता मापाविषयी. 'थोडेसे लावा', 'पातळ थर द्या' या शब्दांनी सामान्य माणसाचा बोध होत नाही. याला एक सुंदर माप आहे आणि त्यासाठी मराठीत शब्दही तयार आहे : पेर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत नळीतून मलमाची सरळ वळी काढावी. नळीचे तोंड सुमारे ५ मिलिमीटर रुंदीचे असावे. हे एक पेर म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरते. मुलाला लावावयाचे असले तरी बोट मोठ्या माणसाचेच धरावे आणि जागाही त्याच्याच तळहाताने मोजावी.

चला, एक उदाहरण सोडवू. नातवाच्या दोन्ही कोपरांचे व गुडघ्यांचे चट्टे मिळून आमच्या दोन तळहातांएवढे. म्हणजे एका वेळेस एक पेर. दिवसातून एकदा, चौदा दिवस : चौदा पेरे, म्हणजे ७ ग्रॅम. १५ ग्रॅमच्या नळीतील निम्मीही संपू नये. ती नळी चार दिवसांत संपली, तर आपण जास्त लावीत आहो. आणि सांगितलेल्या पंधरवड्यात तिला धक्काही लागला नाही, तर आपण भिऊन मुलाला उपाशी ठेवीत आहो. दोन्ही उत्तरे चूक.

पुढील गोष्टी वहीत उतरून घ्याव्या, अशी आमची भगिनीवर्गास विशेष विनंती आहे. कारण औषध लावणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

१. रोगाचे नाव कळल्याशिवाय नळी उघडू नये. गजकर्ण, खरूज, मुरमे, कांजिण्या, नागीण, पू झालेली जखम यांवर आपल्या मनाने स्टिरॉइड लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

२. सांगितले असेल तितकेच, दिवसातून एकदा किंवा फार तर दोनदा, सांगितले तितकेच दिवस लावावे. अतिजोरदार मलम डॉक्टरांच्या देखरेखीवाचून दोन आठवड्यांहून अधिक लावू नये.

३. ते फक्त लाल व खाजऱ्या चट्ट्यावरच लावावे. त्वचा मऊ राखणारे साधे मलम मात्र सर्वत्र, सढळ हाताने, अंघोळीनंतर लगेच लावावे. दोन मलमांत पंधरा ते तीस मिनिटांचे अंतर असावे. इसबात खरा रोजचा आहार हे साधे मलमच; स्टिरॉइड हे केवळ आजारपणातले औषध.

४. कोरड्या, जाड कातडीला तेलकट मलम आणि ओलसर जागेला क्रीम मानवते. बाईंनी जे लिहिले असेल तेच आणावे. 'हे नाही, पण तसलेच घ्या' हे चालवून घेऊ नये.

५. डोळ्यांच्या पापण्यांवर तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय काहीही लावू नये. डोळ्यांत वारंवार गेल्यास मोतीबिंदू व काचबिंदूचे भय असते.

६. लावून झाल्यावर हात धुवावे. हातालाच इसब असेल तर गोष्ट वेगळी.

७. अनेक महिने लावलेले मलम एकाएकी सोडू नये. डॉक्टरांना खरे खरे सांगून त्यांच्या देखरेखीखाली सोडावे. सोरायसिसच्या रुग्णांनी हे विशेष ध्यानी धरावे, कारण जोरदार स्टिरॉइड एकदम सोडल्यास तो रोग उसळून येतो.

८. वारंवार उलटणाऱ्या इसबात चट्टे बरे झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस मलम लावावयास कधी कधी सांगतात, आणि चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइडविरहित मलमेही आहेत. तो निर्णय तज्ज्ञांचा.

९. वेष्टनावरील नाव वाचावयास शिकावे. '-सोन', '-सोलोन' किंवा '-सॉल' असा शेवट दिसला आणि 'शेड्यूल एच'चा इशारा छापलेला असला, की थांबावे व विचारावे. 'सॉल'सारख्याच ऐकू येणाऱ्या '-झोल'ने बुरशीनाशकांची नावे संपतात, म्हणून अंदाज न करता विचारणेच बरे.

१०. एकाची नळी दुसऱ्याला देऊ नये. आपल्या ज्ञातीत लोणच्याच्या बरण्यांची देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती खुशाल चालावी. मलमाच्या नळ्यांची नको.

आता शेवटचे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत अवघड. पुतणी बरी झाल्यावर एके दिवशी आम्ही तिला विचारले, "पोरी, एवढी शिकलेली तू, कशाला त्या नळीच्या नादी लागलीस?" ती शांतपणे म्हणाली, "काका, तुमच्या फॉर्ममधल्या रकान्यासाठी."

मंडळी, आपल्या संस्थेच्या वधू-वर नोंदणीच्या अर्जात 'उंची' आणि 'शिक्षण' यांच्यामध्ये 'वर्ण' असा एक रकाना आहे. निवृत्तीनंतर नोंदणीचे काम आमच्याकडे आले, तेव्हा हा अर्ज नव्याने आखला तो आम्हीच, आमच्याच हाताने, पट्टी धरून. त्या रकान्यात सावळ्या मुलीचे वडील 'गहूवर्णी' लिहीत आणि गहूवर्णी मुलीचे वडील 'गोरी' लिहीत. हे आम्ही पाहत होतो आणि हसून सोडून देत होतो. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. परंतु मागणीवाचून पुरवठा नसतो, आणि या मागणीचा छापील नमुना आमच्या टेबलावर होता. वराकडील मंडळी मुलीचा वर्ण विचारतात. तिच्या मनातला धीर कोणत्या पायरीवर आहे, हे विचारणारा रकाना आम्हाला कधी सुचला नाही.

म्हणून आजच्या सभेपुढे आम्ही अध्यक्ष महाशयांच्या अनुज्ञेने एक विनंती ठेवतो. पुढील वर्षीच्या अर्जातून 'वर्ण' हा रकाना काढून टाकावा. जागा रिकामी राहील असे कोणास वाटत असेल, तर तेथे 'रक्तगट' लिहावा. तो निदान मलमाने बदलत नाही.

दुसरी विनंती प्रत्येक घरापुरती. आज घरी गेल्यावर औषधांचे कपाट उघडा. अर्धवट पिळलेल्या, नाव पुसलेल्या, कोणी कधी आणल्या हे कोणालाच न आठवणाऱ्या नळ्या बाहेर काढा. ज्या चालू उपचाराच्या नाहीत त्या टाकून द्या. जी चालू आहे तिच्यावर तीन गोष्टी लिहा : कोणासाठी, कोणत्या जागेसाठी, आणि कोणत्या तारखेपर्यंत. आमच्या घरी हे लिहिण्याचे काम आता आमच्याकडे आहे, कारण अक्षर चांगले आहे. लावण्याचा निर्णय मात्र सूनबाईंकडे आणि डॉक्टरांकडे आहे, आणि त्यात आम्ही तोंड घालीत नाही.

नातू आता शाळेत जातो. थंडीत कोपराला थोडा लाल झाला, की स्वतःच आपल्या आईची तर्जनी धरून आणतो आणि म्हणतो, "एक पेर." आमच्या चौथीच्या वर्गातील कोणत्याही विद्यार्थ्याने इतके अचूक उत्तर दिल्याचे आम्हाला स्मरत नाही.

 सर्वांना आरोग्य लाभो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.